प्री-शॉट रूटीन: गोल्फमध्ये मारायच्या आधीच्या वीस सेकंदांची भानगड

गोल्फ पहिल्यांदा बघणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा एकच प्रश्न पडतो, "अरे हा मारत का नाहीये?" बॉल जागेवर पडलाय, हलत नाहीये, कोणी टाकत नाहीये, समोर अडवायलाही कोणी नाही, आणि हा गडी मागे जातो, डोळे बारीक करून लांब बघतो, हवेत एकदा क्लब (मारायची काठी) फिरवतो, पुढे येतो, पाय सरकवतो, मान वर करून परत बघतो, आणि आता मारणार असं वाटतं तेवढ्यात पुन्हा मागे जातो. क्रिकेट बघून मोठं झालेल्या माणसाला वाटतं, एवढ्यात निम्मी ओव्हर टाकून झाली असती.

२०२५ मध्ये हा प्रश्न फक्त प्रेक्षकांचा राहिला नाही. जानेवारीत माजी खेळाडू आणि समालोचक डॉटी पेपर एका स्पर्धेच्या थेट प्रक्षेपणातच बोलून गेली की संथ खेळ हा बाकीच्या खेळाडूंबद्दलच्या, प्रेक्षकांबद्दलच्या आदराचा प्रश्न आहे. मार्चमध्ये महिलांच्या एलपीजीए टूरने नियम कडक केले. ज्या ग्रुपवर घड्याळ लावलेलं असेल त्यात दिलेल्या वेळेपेक्षा १ ते ५ सेकंद जास्त घेतले तर पैशांचा दंड, ६ ते १५ सेकंद जास्त घेतले तर एक स्ट्रोक (म्हणजे मोजणीत एक फटका) वाढणार, आणि १६ किंवा त्याहून जास्त असतील तर दोन स्ट्रोक. आणि मग सगळं खापर फुटलं ते या प्री-शॉट रूटीनवर, की हे रूटीन-बिटीन शिकवून शिकवूनच लोकांना संथ केलंय.

मी अनेक वर्षं वाईट गोल्फ खेळतोय आणि माझं मत याच्या बरोब्बर उलट आहे. बॉलजवळ घुटमळणाऱ्या माणसाकडे बहुतेक वेळा रूटीन नसतंच. त्याच्याकडे फक्त शंका असतात, आणि त्या तो उभ्या-उभ्या एकेक करून फेडत असतो.

आधी मुळात हे आहे काय

प्रत्येक शॉटच्या आधी, ठरलेल्या क्रमाने, साधारण ठरलेल्या वेळात करायच्या गोष्टी म्हणजे प्री-शॉट रूटीन, बस एवढंच. कुठे मारायचं ते ठरवणं, क्लब निवडणं, एखादा सराव स्विंग, नेम धरून उभं राहणं आणि मारणं. फास्ट बॉलर रनअप पावलांनी मोजून खूण करून ठेवतो ना, तसंच. एकदा खूण केली की पळताना तो पावलं मोजत बसत नाही, त्याचं लक्ष बॅट्समनकडे असतं. पावलं मोजायचं काम आधीच उरकलेलं असतं म्हणून डोकं मोकळं राहतं.

आता थोडा हिशोब. क्लब मागे न्यायला सुरुवात केल्यापासून बॉलला लागेपर्यंत साधारण एक ते दीड सेकंद जातो. क्लब आणि बॉल एकमेकांना चिकटलेले असतात तो काळ तर अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास. म्हणजे १८ होलमध्ये (होल म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून खड्ड्यापर्यंतचा एक टप्पा, आणि तो खड्डाही) ९० शॉट मारणारा माणूस चारेक तास मैदानावर असतो, आणि त्यातला प्रत्यक्ष मारण्याचा वेळ सव्वादोन मिनिटांच्या वर जात नाही. बाकी सगळं चालणं, थांबणं आणि विचार. आपण शिकवणी लावतो ती त्या सव्वादोन मिनिटांसाठी, व्हिडिओ बघतो तेही त्याच सव्वादोन मिनिटांचे, आणि उरलेल्या तीन तास अठ्ठावन्न मिनिटांकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

बॉल हलत नाही हाच तर प्रॉब्लेम आहे

टेनिसमध्ये, क्रिकेटमध्ये बॉल अंगावर येतो, विचार करायला वेळच नसतो, शरीर आपलं आपण करून टाकतं. गोल्फमध्ये बॉल तुमची वाट बघत बसलेला असतो, आणि वेळ मिळाला की माणूस विचार करतोच. आणि काय विचार करतो? खांदा फिरला का, कोपर सरळ आहे का, मागच्या वेळी उजवीकडे गेला होता, डावीकडे पाणी आहे, हे लोक बघतायत.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे सही. तुम्ही रोज सही करता, डोळे मिटून येते. पण कोणी कागद पुढे सरकवून म्हणालं की "रेकॉर्डमध्ये आहे तश्शीच करा हां," की झालं, तीच सही हात थरथरत निघते, शेवटची रेघ कुठे वळवायची तेच आठवत नाही. हाताला सही येत होती, डोक्याला येत नव्हती, आणि आपण डोक्याला मध्ये घातलं. फोनच्या लॉकच्या पॅटर्नचंही तसंच, कोणी विचारलं तर तोंडाने सांगता येत नाही, बोट फिरवून बघावं लागतं.

हे नुसतं वाटण्यावर नाहीये. सायन बायलॉक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि तिच्या सहकाऱ्यांनी गोल्फ पटिंगवर बरेच प्रयोग केलेत (पटिंग म्हणजे ग्रीनवर, होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, बॉल जमिनीलगत ढकलून होलमध्ये घालणं). त्यात असं दिसलं की मुरलेल्या खेळाडूला स्वतःच्या हालचालीकडे पायरी-पायरीने लक्ष द्यायला लावलं तर तो वाईट खेळतो. २००४ च्या त्यांच्या अभ्यासात तर मुरलेल्या खेळाडूंना घाई करायला सांगितली तेव्हा त्यांचे पट उलट जास्त चांगले गेले. नवशिक्यांचं मात्र बरोबर उलटं झालं, त्यांना वेळ घेऊन, लक्ष देऊन मारलं की फायदा. हा नवशिक्यांचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर रूटीनचं खरं काम काय, तर विचार कधी बंद करायचा ते ठरवून देणं. बाकी सगळी सजावट.

विचार करायची जागा वेगळी, मारायची वेगळी

स्वीडनच्या पिया निल्सन आणि अमेरिकेच्या लिन मॅरियट या दोघी कोच जे शिकवतात ते मला आजपर्यंत सगळ्यात सोपं वाटलंय. त्या म्हणतात बॉलच्या मागे एक रेघ आहे असं समजा. रेघेच्या मागे विचारांचा चौकोन, रेघेच्या पुढे, बॉलजवळ, खेळायचा चौकोन. वारा, अंतर, क्लब, पाणी, बंकर (वाळूचा खड्डा), जे काय चर्वितचर्वण करायचंय ते मागच्या चौकोनात करा. एकदा रेघ ओलांडली की विचार संपला, आता फक्त मारायचं. मध्येच शंका आली तर पुढच्या चौकोनात उभं राहून सोडवायची नाही, मागे यायचं. अॅनिका सोरेनस्टॅम निल्सनच्याच तालमीतली, १० मेजर, म्हणजे सगळ्यात मानाच्या स्पर्धा, जिंकलेली, २००१ मध्ये एलपीजीएचा १८ होलचा एक राउंड ५९ फटक्यांत संपवणारी. तिचं खेळणं बघितलं की जाणवतं, एकदा बॉलजवळ आली की रेंगाळणं नाही, आली, बघितलं, मारलं.

हे मला समजलं ते माझ्या फजितीतून. पाण्यावरून मारायचा एक छोटा होल, अंतर असं की ७ नंबरचा क्लब पण चालेल आणि ६ नंबरचा पण (नंबर लहान तसा बॉल लांब जातो). मी ७ घेतला. बॉलजवळ जाऊन उभा राहिलो आणि तेवढ्यात गालाला वारा लागला. वाटलं ६ घ्यायला हवा होता का? आता परत बॅगेपर्यंत कोण जाणार, लोक थांबलेत, मग मनात म्हटलं ७ च जरा जोरात मारू. मागून मित्र म्हणाला, "अरे मारतोस का झोपलास?" मारला. बॉल आधी पाण्यावर एक टप्पा घेऊन मग बुडाला, म्हणजे वर अपमान. मित्राने त्याचा व्हिडिओ काढला होता, रात्री बघितला तर मी बॉलवर उभा राहून क्लब अकरा वेळा हलवलाय आणि उभं राहिल्यापासून मारेपर्यंत ५२ सेकंद गेलेत. आणि त्या ५२ सेकंदांत मी एकही निर्णय घेतला नाही, एकच घेतलेला निर्णय फक्त अकरा वेळा मोडला.

त्या व्हिडिओत अजून एक गोष्ट होती जी मला नंतर कळली, माझी मान. पहिल्या दहा सेकंदांत मी लक्ष्याकडे बघतोय, आणि त्यानंतर सतत पाण्याकडे. जिथे बॉल जाऊ नये तिकडेच नजर, आणि मग गेला.

मागे उभं राहून नक्की काय बघायचं

समजा ग्रीन १४० मीटरवर आहे, डावीकडे बंकर, वारा समोरून हलकासा. बॉलच्या मागे चार-पाच पावलांवर उभं राहायचं, बॉल आणि टार्गेट एका रेषेत दिसतील असं. पहिलं, अंतर. होलमधल्या झेंड्यापर्यंतचं नाही, बॉल जिथे पडायला हवा तिथपर्यंतचं, त्यात वाऱ्याचं थोडं वाढवायचं. दुसरं, कुठे चुकलं तर चालेल. डावीकडे बंकर आहे तर उजवीकडे चुकलेलं परवडेल, मग टार्गेट झेंड्याच्या जरा उजवीकडे धरायचं. हा दुसरा प्रश्न हौशी खेळाडू जवळजवळ कधीच विचारत नाही, त्याला वाटतं आपण झेंड्यावरच मारणार आहोत, जणू काही कालपर्यंत झेंड्यावरच पडत होते.

आणि टार्गेट बारीक पाहिजे. "ग्रीनच्या उजव्या बाजूला कुठेतरी" हे टार्गेट नाही, "त्या मागच्या झाडाची डावी फांदी" हे टार्गेट आहे.

मग डोळ्यांसमोर शॉट बघायचा. जॅक निकलस, १८ मेजर जिंकलेला माणूस, सांगायचा की तो प्रत्येक शॉट आधी मनात सिनेमासारखा बघतो, आधी बॉल कुठे जाऊन थांबलाय ते, मग तो तिथवर कसा उडत गेला ते, आणि मग तसा उडण्यासाठी लागणारा स्विंग. जेसन डे तर मागे उभा राहून चक्क डोळे मिटून घेतो, २०१५ ची पीजीए चॅम्पियनशिप २० अंडरने (ठरलेल्या फटक्यांपेक्षा २० कमी मारून) जिंकली तेव्हा त्याचं हे डोळे मिटणं सगळ्यांच्या ओळखीचं झालं होतं. सगळ्यांनाच असं चित्र दिसत नाही, मला स्वतःला धूसर काहीतरी दिसतं, पण तेवढंही पुरतं. नाहीच दिसलं तर मनात एक वाक्य म्हणा, "उंच, जरा उजवीकडून वळत येणार." डोक्याला "काय पाहिजे" ते कळलं की झालं, "कसं करायचं" ते हात बघून घेतील.

निकलसचीच दुसरी सवय, आणि ही तुम्ही उद्यापासून करू शकता. १४० मीटर लांबच्या गोष्टीवर बाजूने उभं राहून नेम धरणं अवघड असतं, कारण गोल्फमध्ये आपण टार्गेटकडे तोंड करून उभे नसतो, खांदा टार्गेटकडे असतो. मग तो मागून बघताना बॉलच्या पुढे हात-दीड हातावर, टार्गेटच्या बरोब्बर रेषेत, काहीतरी खूण शोधायचा, वाळलेलं पान, गवताचा पिवळा ठिपका, जुना खड्डा. आणि मग नेम त्या खुणेवर. लांबच्या झाडावर नेम धरण्यापेक्षा दीड हातावरच्या पानावर धरणं किती सोपं ते करून बघा.

एक डिग्री म्हणजे किती

नेम एक डिग्री चुकला तर १४० मीटरवर बॉल साधारण अडीच मीटर बाजूला जातो. पाच डिग्री चुकला तर १२ मीटर, म्हणजे बहुतेक ग्रीनच्या बाहेर. पाच डिग्री म्हणजे घड्याळात मिनिटकाटा एक मिनिटसुद्धा पुढे सरकत नाही एवढंसं.

आणि इथे बहुतेक लोक क्रम चुकवतात. आधी पाय लावून उभे राहतात, मग क्लब खाली ठेवतात. उलट करायला हवं. बॉल सुरुवातीला कुठल्या दिशेने निघणार हे मुख्यतः क्लबफेस, म्हणजे क्लबचा जो सपाट भाग बॉलला लागतो, तो कुठे बघतोय यावर ठरतं, त्याचा वाटा तीन चतुर्थांशाच्या आसपास किंवा जास्तच. म्हणून आधी क्लबफेस त्या पानावर, मग पाय त्याला धरून. आणि पाय टार्गेटवर लावायचे नाहीत. रेल्वेचे दोन रूळ डोळ्यासमोर आणा, बॉल आणि टार्गेट एका रुळावर, तुमचे पाय दुसऱ्या, समांतर रुळावर. उजव्या हाताने खेळणाऱ्याचे पाय त्यामुळे टार्गेटच्या किंचित डावीकडे बघतात. पाय थेट टार्गेटवर लावले तर क्लब उजवीकडे बघायला लागतो, मग शरीराला मध्येच कळतं की काहीतरी गंडलंय आणि ते स्विंगमध्ये हाताने ओढून दुरुस्ती करतं. आपण म्हणतो माझा स्विंग बिघडला. स्विंग बिचारा चांगला होता, त्याला चुकीच्या दिशेला उभं केलं होतं.

सरावात जमिनीवर एखादी काठी किंवा क्लब आडवा ठेवून पायांची रेषा तपासता येते, जरूर तपासा. मात्र स्पर्धेत २०१९ पासून हे चालत नाही. नेम किंवा पाय जुळवायला जमिनीवर वस्तू ठेवली तर दोन स्ट्रोकचा दंड, मारायच्या आधी उचलली तरी सुटका नाही. त्याच वर्षी कॅडीचाही (खेळाडूची बॅग उचलणाऱ्या मदतनिसाचा) नियम आला, खेळाडू पाय जुळवायला लागला की कॅडीने मुद्दाम त्याच्या मागे टार्गेटच्या रेषेत उभं राहायचं नाही. २०१९ च्या जानेवारीत दुबईत ली हाओतोंगला शेवटच्या होलवर यावरूनच दोन स्ट्रोक पडले आणि तो तिसऱ्या नंबरच्या बरोबरीवरून बाराव्यावर घसरला. खूप आरडाओरड झाली, मग फेब्रुवारीत नियमाचा खुलासा आला की खेळाडूने मारायच्या आधी मागे येऊन नव्याने पाय जुळवले तर दंड नाही. भांडण तांत्रिक होतं, पण नियमामागचा विचार सरळ आहे, नेम धरणं हे खेळाडूचंच कौशल्य आहे, दुसऱ्याने धरून द्यायचं नाही.

रेघ ओलांडल्यावर

आता तुम्ही बॉलजवळ आहात. इथे जेवढं कमी तेवढं चांगलं. क्लबफेस पानावर, पाय समांतर, एक नजर लांबच्या टार्गेटवर, एक लांब उच्छ्वास, नजर बॉलवर, आणि मारा. उच्छ्वासाचं एवढ्यासाठी की टेन्शनमध्ये माणूस नकळत श्वास धरून ठेवतो आणि खांदे कानापर्यंत येतात, क्लब मुठीत आवळला जातो. श्वास सोडला की मूठ आपोआप सैल होते.

वॅगल म्हणजे मारायच्या आधी मनगटाने क्लब थोडा मागेपुढे हलवणं. हे वाईट नाही, स्थिर पुतळ्यासारखं उभं राहून एकदम हलायला अवघड जातं, थोडी हालचाल चालू ठेवली की स्विंग सहज सुरू होतो. पण वॅगल हे इंजिन गरम करणं आहे, गाडी कुठे न्यायची ते ठरवणं नाही. एक किंवा दोन. जास्त व्हायला लागले तर समजायचं की डोक्यात मीटिंग चालू आहे.

मोठमोठ्यांची यात कशी गोची होते बघा. सर्जिओ गार्सियाला २००२ च्या यूएस ओपनमध्ये बेथपेजला क्लबवरची पकड पुन्हा पुन्हा बदलत राहायची सवय लागली होती, प्रेक्षक मोठमोठ्याने मोजायला लागले. केविन ना २०१२ च्या प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये तिसऱ्या दिवसाअखेर पुढे होता, पण त्याच्याकडून स्विंग सुरूच होईना, वॅगलवर वॅगल, कधीकधी तर मुद्दाम बॉलच्या वरून क्लब फिरवून तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा, स्वतःवरच वैतागायचा. शेवटच्या दिवशी ७६ फटके लागले आणि सातव्या नंबरच्या बरोबरीत राहिला. हे लोक वेळकाढू नव्हते हो, अडकलेले होते. आणि ते सुटतात पण, गार्सियाने २०१७ मध्ये मास्टर्स जिंकली.

अडकायचं नसेल तर स्विंग सुरू करायची एक ठरलेली खूण पाहिजे. कोणी उजवा गुडघा किंचित आत दाबतो, कोणी हनुवटी वळवतो, माझा मित्र मनात "चल" म्हणतो. काहीही चालेल, फक्त दर वेळी तेच.

बरं, मारताना डोक्यात काहीच नको म्हणणं सोपं, करणं महाकठीण. रिकामं डोकं स्वतःहून भरतं. म्हणून एकच विचार द्या त्याला, आणि तो शरीराबाहेरचा असलेला बरा. गॅब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांचा १९९९ चा एक अभ्यास आहे, गोल्फ कधीही न खेळलेल्या लोकांना छोटे शॉट मारायला शिकवले, निम्म्यांना सांगितलं हातांच्या हालचालीकडे लक्ष द्या, निम्म्यांना सांगितलं क्लबच्या हालचालीकडे द्या. क्लबवाले जास्त अचूक निघाले. म्हणजे "कोपर सरळ" पेक्षा "क्लब त्या पानावरून जाऊ दे" हा विचार बरा.

ग्रीनवरचं थोडं वेगळं

पटिंगला ताकद लागत नाही, त्यामुळे शंकेला अजूनच मोकळं रान. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ५.४ सेंटीमीटर. तीन मीटरवरून एक डिग्री चुकलात तर बॉल मध्यापासून ५.२ सेंटीमीटर बाजूला पोचतो, जेमतेम कडेवर. त्यात उतार, त्यात गवत.

इथे कॅनडाच्या जोन व्हिकर्सचं काम मला फार आवडतं. तिने खेळाडूंच्या डोळ्यांवर नजर टिपणारी उपकरणं लावून पटिंग बघितलं आणि १९९२ मध्ये ते मांडलं. चांगल्या खेळाडूंची नजर मारायच्या आधी बॉलवर एका जागी साधारण दोन-एक सेकंद शांत थांबते, कच्च्या खेळाडूंची इकडून तिकडे भिरभिरत राहते, बॉल, होल, क्लब, परत होल. याला नंतर क्वाएट आय, म्हणजे शांत नजर, हे नाव पडलं. करायला काय लागतं, तर बॉलच्या मागच्या कडेवरचा एक ठिपका निवडायचा, त्यावर नजर ठेवायची, आणि बॉल गेल्यावरही क्षणभर तिथेच, गवतावर ठेवायची. बॉल पडल्याचा आवाज कानाने ऐकायचा. डोकं वर करायची घाई किती असते आपल्याला ते हे केल्याशिवाय समजत नाही.

सराव पट मारताना बॉलकडे बघण्यापेक्षा होलकडे बघत मारा, वेग हाताला जास्त चांगला कळतो. आपण कागदाचा बोळा कचऱ्याच्या डब्यात टाकताना डब्याकडे बघतो, बोळ्याकडे नाही.

पण याने खेळ संथ नाही का होणार?

आकडे बघू. गोल्फच्या नियमांची २०१९ पासूनची शिफारस आहे की तुमची पाळी आल्यावर ४० सेकंदांच्या आत मारा, आणि शक्यतो त्याआधीच. मागच्या चौकोनातले १०-१२ सेकंद आणि बॉलजवळचे ८ धरले तरी चांगलं रूटीन २० सेकंदांत संपतं. आता प्रत्येकाने त्याऐवजी ४० घेतले, ग्रुपमध्ये चौघं, प्रत्येकी ९० शॉट, तर फक्त त्या जादाच्या २० सेकंदांचे दोन तास होतात. दोन तास! चौघांकडेही रूटीन असलं तर हे दोन तास वाचतात.

शिवाय मागच्या चौकोनातलं अर्धं काम दुसरा मारत असतानाच करून घेता येतं, अंतर, वारा, क्लब, सगळं. ग्लोव्ह आपली पाळी आल्यावर शोधायला लागणारे लोक मला माहितीयेत, त्यांचा प्रॉब्लेम रूटीन नाही. आणि आठ इंचाच्या पटला सगळा सोहळा करायचा नाही, प्लीज.

ही तर अंधश्रद्धाच झाली की

फरक आहे. लकी टोपी घातली म्हणून पट पडेल ही अंधश्रद्धा, टोपीचा पटशी काही संबंध नाही. मागे उभं राहून नेम धरण्याचा पटशी सरळ संबंध आहे. तपासायची पद्धत सोपी, रूटीनमधल्या प्रत्येक गोष्टीला विचारा, तू इथे कशासाठी? उत्तर मिळालं नाही तर काढून टाका. मी सुरुवातीला मारायच्या आधी क्लबचं टोक दोनदा जमिनीवर आपटायचो, कुठल्यातरी प्रोला बघून. कशासाठी? माहीत नाही. काढून टाकलं.

कॉपीचंही तेच. प्रो लोकांचं बघून क्रम उचला, लकबी उचलू नका. जेसन डेचे मिटलेले डोळे त्याच्या डोक्यासाठी आहेत.

मला तर अजून स्विंगच येत नाही

मग खरं सांगतो, रूटीनने स्विंग येणार नाही. आणि ते नवशिक्यांचं आठवतंय ना, त्यांना हालचालीकडे लक्ष द्यावंच लागतं. पण त्याची जागा प्रॅक्टिस रेंज आहे. रेंजवर हवा तेवढा कोपराचा विचार करा. मैदानावर जास्तीत जास्त एक आठवण सोबत न्या, तीही सराव स्विंगपुरती, मागच्या चौकोनात. नेम धरायला मात्र स्विंग यावाच लागत नाही, ते पहिल्या दिवसापासून बरोबर करता येतं.

रेंजवर आपण सगळेच एक मोठी चूक करतो. बादलीभर बॉल घेतो आणि एकामागून एक, त्याच क्लबने, त्याच दिशेला, मशिनगनसारखे सोडतो. पंचविसावा बॉल मस्त जातो आणि आपल्याला वाटतं जमलं. मैदानावर पंचविसावा बॉल कधी मिळतो का? तिथे प्रत्येक शॉट पहिलाच. म्हणून शेवटचे दहा बॉल वेगळे काढा, प्रत्येकाला वेगळा क्लब, वेगळं टार्गेट, आणि प्रत्येक बॉलआधी मागे जाऊन पूर्ण रूटीन. कंटाळा येतो, मान्य. दहा बॉलला तेवढाच वेळ लागतो जेवढ्यात तुम्ही चाळीस उडवले असते. मित्राला घड्याळ लावायला सांगा, दहाही वेळा दोन-तीन सेकंदांच्या फरकात आलात तर तुमचं रूटीन तयार झालं. एखादा अचानक दुप्पट लांबला तर त्या बॉलला काय शंका आली होती ते आठवा, माझी नव्वद टक्के वेळा क्लबची निघते.

आणि मारायच्या आधी कोणी शिंकलं, मोबाईल वाजला, वारा बदलला तर? मागे या. रेघेच्या मागे, पहिल्यापासून. लोक काय म्हणतील म्हणून अर्धवट विचारात मारून टाकलेला शॉट आणि मग गवतात पाच मिनिटं बॉल शोधणं यात लोकांचा वेळ कशाने जास्त जातो ते तुम्हीच बघा. हरवलेला बॉल शोधायला नियमाने तीनच मिनिटं मिळतात, पण मित्रांबरोबर खेळताना ते कोण मोजतंय.

त्या पाण्याच्या होलवर मी गेल्या महिन्यात परत गेलो. वारा गालाला लागला तेव्हा मी मागे आलो, बॅगेपर्यंत चालत गेलो, ६ नंबर काढला, पान शोधलं, मारला. पाण्यावरून गेला, ग्रीनवरूनही गेला आणि मागच्या बंकरमध्ये पडला. मित्राने यावेळी पण मोजलं होतं, दोन वॅगल, १९ सेकंद. म्हणाला, "बंकरमध्ये तरी वेळेवर पोचलास."